आधी कुणाकडे जाशील?

बुधवारी दुपारी ड्यूटीवर जाताना क्षमा कारापूरच्या तिठ्यावर स्कूटर थांबवायची आणि पाववाल्या पोदेराच्या टोपलीतून सहा उंडे पाव घ्यायची. पाच स्टाफच्या चहाबरोबर खायला, सहावा नर्सिंग होमच्या मागच्या दारच्या दगडावर ठेवायला. पावाची पाळी दर बुधवारी तिची असे. सहावा कुणाचा हे कुणी बोलत नसे, पण तो आणायला विसरलेलंही आजवर कुणी ऐकलं नव्हतं.

नर्सिंग होम म्हणजे काही मोठं प्रस्थ नव्हतं. खाली आठ खाटांचा वॉर्ड, बाजूला बाळंतिणींची खोली, वर डॉक्टर गोकुळदासांचं बिऱ्हाड. खाणी जोरात होत्या तेव्हा ते टिपरवाल्यांच्या मोडक्या हातापायांवर चालायचं; आता ताप, शुगर आणि बाळंतपणांवर चालतं. दुपारी एक ते चार गोव्यात यमसुद्धा कुणाचं दार वाजवत नाही, असं डॉक्टर म्हणायचे आणि जेवून वर झोपायला जायचे. खाली मग क्षमा आणि सुशीलामावशी अशा दोघीच. सुशीलामावशी दोडामार्गकडची, पंचवीस वर्षं त्याच वॉर्डात आया म्हणून काढलेली. तिच्या हातून हललेली खाट डॉक्टरसुद्धा पुन्हा हलवत नसत.

इतर ठिकाणची भुतं रात्रीची हिंडतात म्हणे. या वॉर्डातलं जे काही होतं ते दुपारी तीनच्या सुमाराला यायचं. सगळा गाव निजलेला, पंखा कुरकुरतोय, पेशंटांचे नातेवाईक बाकावर माना टाकून पडलेत, अशा वेळेला. भुतांच्या बाबतीतही आमच्या मुलखाचा शिरस्ता वेगळाच म्हणायचा.

क्षमाला त्याची ओळख झाली ती नोकरीच्या दुसऱ्याच आठवड्यात. टेबलाशी बसून ती केसपेपर भरत होती आणि सुशीलामावशी समोर कापसाचे बोळे वळत होती. मागच्या दाराशी आधी वास आला. भिजलेल्या घोंगडीचा आणि विडीचा. पावसाळा नव्हता, वॉर्डात विडी ओढायची कुणाची छाती नव्हती. मग आवाज आला. जाड कातड्याच्या वहाणांचा. चर्र... टप्. चर्र... टप्. अगदी सावकाश, घाई नसलेल्या माणसाचा. पावलं पहिल्या खाटेवरून गेली, दुसरीवरून गेली, आणि दिसत मात्र कुणीच नव्हतं. उन्हाचा चौकोन फरशीवर पडला होता तो तस्साच होता. पाचव्या खाटेशी आवाज थांबला, तो थांबलाच.

क्षमाचं पेन हातातच राहिलं. सुशीलामावशीने मान वर न करता विचारलं, "खंय थांबली?"

"पाचाकडे..."

"मगे पाचाचा बी.पी. बघ जा. माका काय बघतंस?"

पाचवर डेंगीचा तरुण माणूस होता. सकाळी तो वॉर्डबॉयशी क्रिकेटवर वाद घालत होता. क्षमाने जाऊन हात धरला तर हात गार, घामेजलेला, नाडी धाग्यासारखी बारीक. डॉक्टरांना उठवलं, सलाईनं धावली, आणि संध्याकाळपर्यंत तो माणूस पुन्हा क्रिकेटवर आला. डॉक्टरांनी सगळ्यांदेखत क्षमाची पाठ थोपटली. हिचं नाक मांजराचं आहे, म्हणाले. खरं कारण क्षमा काय सांगणार होती?

पुढची दोन वर्षं असंच चाललं. पावलं कधी आठवड्यातून एकदा यायची, कधी महिनाभर फिरकायची नाहीत. पण आली की जिथे थांबायची तिथे काहीतरी शिजत असायचं, आणि क्षमा ते उतू जायच्या आत तिथे पोचायची. भीती अशी फार दिवस टिकत नाही. रोजच्या वाटेवरच्या कुत्र्याची सवय व्हावी तशी तिला त्याची सवय झाली. उलट तीन वाजून गेले आणि वॉर्ड शांत राहिला, तर तिलाच चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. पंचक्रोशीत तिचं नाव झालं. आणि तीच क्षमा परदेशातल्या लायसन्सच्या परीक्षेत दोनदा सपशेल आपटली होती.

ही परीक्षा पाठांतराची नव्हती, तेच तर दुखणं होतं. औषधांची नावं, त्यांचे डोस, हाडं, शिरा हे सगळं क्षमाला तोंडपाठ. पण कॉम्प्युटरवर प्रश्न यायचे ते असे: तुमच्याकडे चार पेशंट आहेत, चौघांनाही काहीतरी होतं आहे, तुम्ही आधी कुणाकडे जाल? तिथे तिची गाडी रुतायची. एक उत्तर निवडायची, मग दुसरं, मग पुन्हा पहिलं, आणि घड्याळ पुढे. अमेरिकेतल्या एका इस्पितळाने तिला मुलाखतीत निवडलं होतं. त्यांचं पत्र डिसेंबरपर्यंतच चालणार होतं आणि त्याआधी एकदाच बसता येणार होतं. पाळी गावातल्या तिच्या घरात ते पत्र देवघरात ठेवलेलं होतं. तिला जायचं होतं, अगदी जीव टाकून जायचं होतं, आणि दर रात्री झोपताना वाटायचं की आपण याही वेळी राहणार.

तिचा अभ्यास रेश्मा घ्यायची. रेश्मा पेडण्याची, नर्सिंगला असताना एकाच खोलीत राहिलेली, आता टेक्सासला. दर रविवारी ती फोनवर तोंड दाखवायची आणि प्रश्न वाचायची. एका रविवारी तिने वाचलं: एकाचं काल ऑपरेशन झालंय आणि तो दुखतंय म्हणून ओरडतोय. एक चहा आला नाही म्हणून भांडतोय. एक मूल तापाने रडतंय. आणि एक म्हातारा, सकाळभर गप्पा मारत होता, तो आता गप्प आहे. आधी कुणाकडे?

क्षमाने डोळे मिटले आणि मान किंचित कलती केली. अर्धं मिनिट गेलं. पाऊण गेलं.

"गो, तू आयकतंस काय?" रेश्माने विचारलं.

तेव्हा मात्र क्षमाने सगळं सांगून टाकलं. वहाणा, घोंगडी, विडी, सगळं. रेश्मा आधी इतकी हसली की तिला फोन खाली ठेवून डोळे पुसावे लागले. मग तिचं हसणं हळूहळू ओसरलं.

"थंय हॉलात तो येवचो नाय," ती म्हणाली. "तुका ठरवक येणा नाय, क्षमा. तू नुसती आयकतंस."

क्षमाला हे फार झोंबलं, कारण ते खरं होतं. दोन वर्षं लोक जिची वाहवा करत होते ती हुशारी तिची नव्हतीच. त्या म्हाताऱ्याचं उत्तर रेश्माने मग समजावून दिलं. जो ओरडतो त्याचा श्वास चालू आहे, जो भांडतो त्याच्या अंगात बळ आहे. बडबड करणारा गप्प झाला की उठायचं आणि जायचं. इतकं सोपं, आणि ते तिला सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून क्षमाने कानात कापूस घालायला सुरुवात केली.

अगदी खरं. ड्यूटीवर आल्या आल्या ती आठही खाटांवरून आणि बाळंतिणींच्या खोलीतून फिरायची. नाडी, श्वास, अंगाचा रंग, काल काय होता, आज काय आहे. मग वहीत एक नंबर लिहायची: आज काही झालंच तर इथे होईल. पावणेतीनला दोन्ही कानांत बोळे. सुशीलामावशी कान उघडे ठेवून बसायची आणि पावलं आली तर बोटांनी खाट दाखवायची. क्षमा चुकली तरी पेशंटाचं नुकसान नको, म्हणून ही सोय. डॉक्टर एकदा भलत्या वेळी खाली आले आणि आपली स्टाफ नर्स कानात कापूस घालून आणि आया बोटं वर करून बसलेली पाहून काही न विचारता वर गेले.

त्या महिन्यात पावलं पाच वेळा आली. पहिल्या दोन वेळा क्षमाचा नंबर साफ चुकला. तिसऱ्या वेळी तिने तीन नंबर लिहिला होता आणि पावलं चारकडे थांबली. पण चारबद्दलही तिच्या मनात आलं होतं, नुसतं धाडस झालं नव्हतं. चौथ्या वेळी बरोबर. पाचव्या वेळी तर पावलं यायच्या वीस मिनिटं आधीच ती बाळंतिणीच्या उशाशी उभी होती आणि डॉक्टर खाली उतरले होते. त्या दिवशी तिला इतका आनंद झाला की तिने सुशीलामावशीचे दोन्ही हात धरले. आता आपल्याला त्याची गरज नाही, म्हणाली, पण त्याचे उपकार मी जन्मभर विसरायची नाही, इतकी वर्षं बिचारा सांगायला येतो.

सुशीलामावशीने हात सोडवून घेतले.

"तो सांगूक येता, असा तुका कोणी सांगल्यान?"

"मगीर कित्याक येता?"

मावशीने बाळंतिणीची चादर झटकली, घडी घातली, खांद्यावर टाकली. बोलावं की नाही असं तिच्या तोंडावर दिसत होतं.

"सांगूक इल्लेल्याक लोक चाय पाजतत, चेडवा," ती हळूच म्हणाली. "पाव भुकेल्याक घालतत."

क्षमाला तेव्हा उमगलं. दोन वर्षं ती ज्याला दाखवणारा समजत होती, तो घ्यायला येत होता. आणि आपण दर वेळी त्याच्या पानातला घास उचलत होतो. सुशीलामावशी मात्र लगेच हसली, असा तोंडाचा आ करून उभी काय ऱ्हवलंस म्हणाली, आणि चादर धुवायला निघून गेली. ज्या बाईने पंचवीस वर्षं हा व्यवहार सांभाळला तिला त्यात घाबरण्यासारखं काही उरलेलं नव्हतं.

परीक्षेला साडेतीन आठवडे राहिले असताना क्षमा मागच्या पायऱ्यांवरून घसरली. चिऱ्याच्या पायऱ्या, त्यावर पावसाचं शेवाळ, आणि कानात बोळे. पाय सांभाळ म्हणून सुशीलामावशी ओरडत होती ते ऐकणार कोण? डाव्या घोट्याला प्लॅस्टर बसलं. तीन आठवडे घरी. क्षमाने ते वरदान मानलं. सकाळी कदेलीवर, म्हणजे खुर्चीत, बसायची ती संध्याकाळी उठायची, पाय समोर स्टुलावर, मांडीवर पुस्तक. धाकटा भाऊ परेश चहा आणून द्यायचा आणि कप घेऊन जायचा. परीक्षेच्या दोन दिवस आधी प्लॅस्टर निघालं. पोटरी जरा जड वाटत होती, आतून ठणकत होती. इतके दिवस बांधून ठेवलेला पाय दुखायचाच, असं म्हणून तिने विषय मिटवला. दुसऱ्या कुणी तिला हे सांगितलं असतं तर तिने त्याला हाताला धरून डॉक्टरांपुढे उभं केलं असतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

परीक्षा बंगळूरला होती. परेशला बरोबर घेऊन ती रात्रीच्या बसने निघाली. तेरा तास खिडकीशी, पाय दुमडून, वही उघडून. सकाळी उतरताना डावी चप्पल घट्ट बसत होती. लॉजचा जिना चढताना तिला धाप लागली तेव्हा परेशने विचारलं, बरं आहे ना? परीक्षेची धडधड आहे रे, ती म्हणाली.

हॉल थंडगार होता. खिडकी एकही नाही, भिंती करड्या, ओळीने कॉम्प्युटर आणि काचेपलीकडे बसलेली एक पर्यवेक्षक बाई. आवाजाचा त्रास नको म्हणून कानांवर लावायला जाडजूड हेडफोन ठेवले होते. क्षमाने ते लावले आणि तिला हसू आलं. इथे कापूससुद्धा सरकारी मिळतो.

एक वाजता सुरू झालं आणि काय सांगावं, गाडी अशी सुटली की तिचं तिलाच खरं वाटेना. चार पेशंट? हा गप्प झालाय, याच्याकडे. पुढचा. चार पेशंट? हिचा श्वास बदललाय, हिच्याकडे. एकही उत्तर तिने फिरवलं नाही. कशाची वाट पाहिली नाही. मधूनच छातीत डावीकडे टोचत होतं, तेवढंच.

तीनच्या सुमाराला तिला घोंगडीचा वास आला.

एसीच्या त्या कोरड्या गारव्यात भिजलेली घोंगडी, आणि वर विडी. मग हेडफोनच्या आत, अगदी कानाशी... चर्र... टप्. चर्र... टप्. कुणी मान वळवली नाही. पलीकडचा मुलगा माउस सरकवत होता, काचेपलीकडची बाई जांभई देत होती. आणि क्षमाला पहिल्यांदा वाटलं ते भय नव्हतंच. परमुलखात गावचं माणूस भेटावं तसा तिला आनंद झाला. सहाशे किलोमीटर चालत आला की काय हा, माझ्यासाठी?

पावलं पहिल्या ओळीतून गेली. दुसऱ्या ओळीत वळली. तिच्या खुर्चीमागे आली, आणि थांबली.

पडद्यावर प्रश्न होता, चार पेशंटांचा. जुन्या सवयीने तिने डोळे मिटले आणि वाट पाहिली. आता हा पुढे सरकेल, पहिल्या उत्तराशी थांबेल, नाहीतर तिसऱ्या. पण पावलं हलेनात. मानेवर ओल्या लोकरीची ऊब जाणवत होती. कुणीतरी फार जवळ, फार शांतपणे उभं होतं. ज्याला कसलीच घाई नाही असं.

पाव भुकेल्याक घालतत.

क्षमाने डोळे उघडले. पडद्यावरच्या चौघांशी याचं काही देणंघेणं नव्हतं. या खोलीत पाचवी पेशंट होती.

कच्च्या कामासाठी दिलेल्या पाटीवर तिने लिहायला सुरुवात केली, केसपेपर लिहावा तसं. वय सव्वीस. तीन आठवडे प्लॅस्टर. तेरा तास बस. एकच पोटरी सुजलेली. सकाळपासून धाप. श्वास घेताना छातीत टोचतं. मग तिने स्वतःच्या मनगटावर बोटं ठेवली आणि पडद्याच्या कोपऱ्यातल्या घड्याळावर मोजलं. एकशे अठ्ठावीस. ही पेशंट प्रश्नात आली असती तर तिने चार सेकंदांत उत्तर दिलं असतं. पायात गुठळी, आणि तिचा तुकडा फुप्फुसात.

पण उठलं की परीक्षा गेली. डिसेंबर गेला, पत्र गेलं. आणखी एक तासच तर होता. तिला राग आला, भीतीपेक्षाही मोठा. इतकं छान चाललं होतं. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या डोक्याने चाललं होतं. तासभर बसून राहावं, काय होतंय, असं तिला मनापासून वाटलं. मग तिने पाटीकडे पुन्हा एकदा पाहिलं. मागे कुणी उभं असो वा नसो, पाटीवरचे आकडे तेच राहिले असते. म्हणजे हा निर्णय तिचाच होता.

तिने हात वर केला.

पर्यवेक्षक बाईला आधी वाटलं की पोरगी घाबरली आहे. ती पाणी घेऊन आली. क्षमाने तिला शांतपणे सांगितलं की मी नर्स आहे, माझ्या फुप्फुसात गुठळी गेली असावी, ॲम्ब्युलन्स बोलवा आणि मला चालवू नका. इतक्या थंड आवाजात सांगितलं की बाई ग्लास तिथेच ठेवून फोनकडे धावली. स्ट्रेचर कुठून असणार? शेवटी ऑफिसातल्या चाकांच्या खुर्चीवर बसवून दोघांनी तिला ढकलत नेलं. बाहेर बाकावर डुलक्या घेणारा परेश धडपडत उठला.

"बाय, कितें जालें?"

काही नाही, पेपर लवकर संपला, असं ती म्हणाली. खुर्चीच्या चाकांच्या खडखडाटामागून ती पावलं येतच होती. चर्र... टप्. लिफ्टपर्यंत आली. लिफ्टचं दार लागलं तेव्हा पावलं बाहेरच राहिली.

इस्पितळात फोटो निघाला आणि गुठळी दिसली, तिने सांगितली होती तिथेच. अर्धा तास उशीर झाला असता तर आम्ही काही करू शकलो नसतो, असं तिथल्या डॉक्टरने परेशला बाजूला घेऊन सांगितलं, आणि परेश जिन्यात बसून लहान मुलासारखा रडला. ती परीक्षा अर्थातच बुडाली. पण रेश्माने अमेरिकेतल्या त्या इस्पितळाचं असं डोकं खाल्लं की त्यांनी पत्राची मुदत सहा महिने वाढवली, आणि मार्चमध्ये क्षमा पास झाली. तीन वाजले तरी हॉलमध्ये चिटपाखरू आलं नाही. डॉक्टर गोकुळदासांनी वॉर्डात पेढे वाटले, शुगरवाल्यांनासुद्धा अर्धा अर्धा.

क्षमा ही गोष्ट बहुतेकांना इथेच संपवून सांगते. बंगळूरच्या इस्पितळातलं तिने फक्त रेश्माला सांगितलं आहे.

तिसरा दिवस होता. बायकांचा सहा खाटांचा वॉर्ड. परेश खाली जेवायला गेलेला. दुपारचे तीन वाजले आणि क्षमाने कान टवकारले. काही नाही. वास नाही, आवाज नाही. आपल्या माणसाची हद्द त्या लिफ्टशीच संपली, असं वाटून तिला मोकळं मोकळं झालं. नुकतीच फरशी पुसून गेले होते, ओल्या फरशीवर उजेड चमकत होता. बसल्या बसल्या, निव्वळ चाळा म्हणून, तिने वॉर्डावरून नजर फिरवली. आधी कुणाकडे जाशील?

समोरच्या खाटेवर एक कानडी आजी होती. सकाळभर तिने सुनेला फैलावर घेतलं होतं. कॉफी थंड का, उशी अशी का. आता ती गप्प होती. बोटांनी चादर चिमटीत धरत होती, सोडत होती. ओठांचा रंग क्षमाला आवडला नाही. तिने घंटा दाबली ती नर्स येईपर्यंत सोडली नाही.

धावपळ झाली, ऑक्सिजन लागला, डॉक्टर आले. अर्ध्या तासाने आजींनी डोळे उघडून कॉफी मागितली आणि वॉर्ड हसला. मग ती नर्स क्षमाच्या खाटेशी आली. केरळची, पन्नाशीची, केसांना तेल चोपडलेली. तुला कसं कळलं, असं तिने हिंदीत विचारलं. गप्प झाल्या होत्या म्हणून, क्षमा म्हणाली, आणि तिला स्वतःचा इतका अभिमान वाटला की डोळ्यांत पाणी आलं. त्याच भरात तिने पुढचंही सांगितलं, थोडं हसत. आमच्याकडे एवढं डोकं चालवावं लागत नाही, आमच्याकडे वहाणा वाजतात.

नर्स हसली नाही. तिने एकदा दाराकडे पाहिलं.

"आमच्याकडचा अनवाणी येतो," ती म्हणाली. "ऐकू येत नाही. म्हणून आम्हाला डोकं चालवावं लागतं."

यावर मात्र दोघीही हसल्या, क्षमा तर छाती दुखेपर्यंत. नर्सने कोपऱ्यातलं फडकं लावलेलं दांडकं घेतलं आणि नुकतीच पुसलेली ती फरशी पुन्हा पुसायला लागली. दारापासून सुरुवात केली. हे ठसे पुसून टाकावे लागतात, नातेवाईक घाबरतात, असं काहीतरी ती पुटपुटली. पुसत पुसत आजीच्या खाटेशी गेली, तिथे थांबली, जोर लावून घासलं. मग वळली, आणि तशीच एकेक पाऊल पुसत क्षमाच्या खाटेच्या पायथ्याशी आली. इथे तिला बराच वेळ लागला, आणि इथून पुढे पुसायला ती कुठेच गेली नाही.

क्षमाचं हसू हळूहळू विरलं.

"आजींकडेच थांबला होता ना तो...?"

नर्सने फडकं बादलीत बुडवलं, पिळलं.

"पाय वर घेऊन बसा, सिस्टर," ती म्हणाली.